समुद्राचें काव्य आणि खलाशाचें मरण

कोल्हापुरास समुद्र नाहीं. आमचा समुद्र म्हणजे रंकाळा. संध्याकाळीं त्याच्या कांठानें फेरफटका करावा, वारा जरा जोराचा सुटला म्हणजे पाण्यावर उठणाऱ्या चार लाटा पाहून समाधान मानावें आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन महासागरावरील वाङ्मय शिकवावें, असा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा क्रम आहे. त्यांत कांहीं विसंगति आहे असें मला कधीं वाटलें नाहीं. वास्तविक गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरला कीं समुद्र फारसा दूर राहत नाहीं. इतिहास पाहिला तरी तो आम्हांस परका नव्हे. मालवणचा सिंधुदुर्ग १८१२ सालीं इंग्रजांच्या स्वाधीन होईपर्यंत करवीरकर छत्रपतींच्या अमलाखालीं होता. परंतु किल्ला गेला, आरमार गेलें, आणि मागें उरलें तें समुद्राविषयींचें दूरचें, घाटावरचें कौतुक. आमच्या बऱ्याचशा समुद्रकाव्याचा जन्म याच कौतुकांतून झाला आहे, असें आतां मला वाटूं लागलें आहे. आणि तसें वाटण्यास निमित्त झाला तो माझा एक विद्यार्थी.

गेल्या वर्षीं बी. ए. च्या वर्गांत मी आयरिश नाटककार सिंज याचें 'रायडर्स टु द सी' हें एकांकी नाटक शिकवीत होतों. तुलनेसाठीं मीं सावरकरांची 'सागरास' आणि कुसुमाग्रजांची 'कोलंबसाचें गर्वगीत' या दोन कवितांविषयीं बराच वेळ विवेचन केलें. तास संपत आला तेव्हां मागल्या बाकावरचा, मालवणाकडून शिकावयास आलेला एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मच्छीमारी नौकेवर तांडेल आहेत, हें मला मागाहून कळलें. त्यानें विचारलें, "सर, हे दोन्ही कवि लिहितांना जमिनीवरच होते ना?" वर्ग हंसला, मीही हंसलों. घरीं आल्यावर मात्र हंसूं येईना. प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. तो शुद्ध टीकाशास्त्राचा प्रश्न होता, आणि पंचवीस वर्षांत तो मला सुचला नव्हता.

या दोन कवितांचें मोठेपण मला नाकारावयाचें नाहीं. १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या, मायदेशाची वाट बंद होत चाललेल्या तरुणाच्या व्याकुळतेला समुद्राखेरीज दुसरा श्रोता नव्हता. त्या कवितेंतील समुद्र हा ताटातुटीचा समुद्र आहे. तेथें खलाशी शोधणें म्हणजे मेघदूतांत पर्जन्यमान शोधण्यासारखें होईल. कोलंबसाची गोष्ट थोडी निराळी. 'विशाखा' हा संग्रह १९४२ सालीं भाऊसाहेब खांडेकरांनीं स्वखर्चानें प्रसिद्ध केला. ते तेव्हां कोल्हापुरांतच राहत असल्यामुळें आम्हां कोल्हापूरकरांना त्या पुस्तकाविषयीं कांहींसा घरगुती अभिमान आहे. परंतु ही कविता जहाजावर घडते, आणि जहाजावर कोलंबस एकटा नाहीं. तो खलाशांना उद्देशून बोलतो. खलाशी बोलत नाहींत. शिडें उभारावयाचीं तीं त्यांनीं, आणि गर्व मिरवावयाचा तो नायकानें. काव्याच्या दृष्टीनें हें क्षम्य आहे, कदाचित् आवश्यकहि असेल. पण अशा साहसांची किंमत कोणीं कोणत्या नाण्यांत दिली, हें इतिहासाच्या वहींत लिहिलेलें आहे. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास पोंचला आणि मग स्वदेशीं परतला, तेव्हां त्याच्याबरोबर निघालेल्या माणसांपैकीं निम्म्याहून अधिक माणसें जिवंत नव्हतीं. त्यांतील बरींचशीं तलवारीनें मेलीं नाहींत. हिरड्या सुजून, जुन्या जखमा पुन्हा उघडून, स्कर्व्ही नांवाच्या रोगानें मेलीं. ताजीं फळें व भाजी न मिळाल्यानें हा रोग होतो. जेम्स लिंड या शस्त्रवैद्यानें १७४७ सालीं जहाजावरच प्रयोग करून संत्र्यालिंबांनीं रोगी बरे होतात हें दाखविलें. तरी ब्रिटिश आरमारांत लिंबाचा रस नियमानें मिळूं लागण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. या मधल्या ४८ वर्षांवर कोणी गर्वगीत लिहिलें नाहीं.

परंतु दूरचीं उदाहरणें कशाला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आमच्या सुशिक्षितांची विलायतेची वारी सुरू झाली. ज्या आगबोटींतून आमचे बॅरिस्टर आणि पुढारी गेले, त्या बोटींच्या पोटांत आमचेच देशबांधव कोळसा ओढीत होते. डेकवरचे खलाशी पुष्कळदां रत्नागिरी जिल्ह्यांतील असत, खानपानाच्या खात्यांत गोमंतकीय असत, भट्टीपाशीं पंजाबी, पठाण किंवा सिल्हेटकडील माणसें असत. सारंग, टिंडेल, सुकाणी, आगवाला, भंडारी, अशी त्यांची उतरंड. तांबड्या समुद्रांत भट्टीघराचें उष्णमान फॅरनहाइटच्या १२० अंशांपलीकडे जाई. उष्माघातानें बेभान होऊन आगवाल्यांनीं पाण्यांत उड्या टाकल्याच्या हकीकती नमूद आहेत. गोऱ्या खलाशास राहण्यासाठीं जेवढी जागा कायद्यानें ठरवून दिली होती, तिच्याहून पुष्कळच कमी जागेंत हिंदी खलाशाची सोय लावीत. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणारे सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मृत्यु पावले. आमच्या प्रवासवर्णनांत बोट लागण्याचें दुःख, जेवणाच्या टेबलावरची फजिती, एडनचें दर्शन, सुएझचें नवल, हें सारें खुलवून सांगितलेलें असतें. आगवाला मात्र, निदान माझ्या वाचनांत, क्वचितच भेटतो. सुकाणूं, नांगर, शीड, दीपस्तंभ हे शब्द आम्हीं राष्ट्रासाठीं, संसारासाठीं, आयुष्यासाठीं उपमा म्हणून उचलले. ज्यांच्या हाताला त्या वस्तूंचे घट्टे पडले होते त्यांना मात्र उपमेंत जागा मिळाली नाहीं.

याचें कारण आमच्या लेखकांत सहानुभूति नाहीं, असें मी म्हणत नाहीं. मुंबईचा गिरणीकामगार नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ'मध्यें १९६६ सालीं स्वतःच्या आवाजांत बोलूं लागला, कारण कवि त्याच फुटपाथावर वाढला होता. प्रश्न आहे तो लेखक कोठें उभा आहे याचा. जोसेफ कॉनरॅड हा जहाजावर उभा होता. १८८४ सालीं तो 'नार्सिसस' नांवाच्या शिडाच्या जहाजावर अधिकारी म्हणून मुंबईहून निघाला, आणि १८९७ सालीं त्यानें त्याच जहाजाच्या नांवाची कादंबरी लिहिली. तिच्यांतील जहाज मुंबई बंदरांतूनच सुटतें. जेम्स वेट नांवाचा एक कृष्णवर्णी खलाशी जहाजावर येतो तोच खोकत येतो. तो खरोखर आजारी आहे कीं काम चुकवितो आहे, हें कोणालाच ठरवितां येत नाहीं. सहकारी त्याची शुश्रूषा करतात आणि त्याचा रागहि करतात; वादळांत जहाज कलंडलें असतां जिवावर उदार होऊन त्याला खोलींतून बाहेर ओढतात, आणि पुन्हा त्याच्यावर संशय घेतात. अखेर जमीन दृष्टीस पडते आणि वेट मरतो.

या कादंबरीवर पुष्कळ पंडितांनीं पुष्कळ प्रतीकें लादलीं आहेत. मला तिच्यांतील साधी गोष्ट अधिक मोठी वाटते: जेथें वैद्य नाहीं तेथें निदानाची जागा संशय घेतो. घरीं माणूस आजारी पडला तर दुसरा त्याचें काम करूं शकतो. जहाजावर एकाचें दुखणें म्हणजे उरलेल्यांच्या पाळींत तितकी भर. म्हणून तेथें आजारी माणूस हा अपराधीहि ठरतो. आजहि मालवाहू जहाजांवर बहुधा डॉक्टर नसतो. एखादा अधिकारीच औषधांची पेटी उघडतो आणि जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला बिनतारी यंत्रानें वा दूरध्वनीनें घेतो. असा सल्ला देणारें एक केंद्र रोम येथें १९३५ सालीं निघालें, आणि बिनतारी संदेशाचा जनक मार्कोनी हा त्याचा पहिला अध्यक्ष होता. मार्कोनीचें चरित्र आम्ही मुलांना शिकवितों. त्यांत हें एक पान जोडावयास हरकत नाहीं.

सिंज हा मात्र खलाशी नव्हता. तो आमच्यासारखाच सुशिक्षित, शहरी मनुष्य. पण तो अरन बेटांवर जाऊन राहिला आणि तेथील लोकांच्या घरांत बसून त्यांचें बोलणें ऐकत राहिला. १९०४ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्याच्या या लहानशा नाटकांत समुद्र रंगमंचावर येतच नाहीं; येतें तें त्यानें केलेलें घरांतलें काम. बुडालेल्या मायकेलची ओळख त्याची बहीण पटविते ती त्याच्या मोज्याचे टांके मोजून, कारण ते तिनेंच घातलेले असतात. त्याच्या शवपेटीसाठीं आणलेल्या पांढऱ्या फळ्या भिंतीशीं उभ्या असतात, आणि त्या वापरण्याची पाळी येते ती मायकेलसाठीं नव्हे, तर शेवटच्या मुलासाठीं, बार्टलीसाठीं. फळ्या आहेत, पण खिळे आणावयाचे राहून गेले आहेत. मीं हा प्रसंग वर्गांत नेहमीं 'करुणरसाचा परमोत्कर्ष' म्हणून शिकविला. तो मालवणचा विद्यार्थी मला नंतर म्हणाला, "सर, आमच्याकडेहि शर्टावरूनच ओळखतात." त्याला त्यांत रस वगैरे कांहीं दिसला नव्हता, माहीत असलेली एक रीत दिसली होती. उत्तम वाङ्मयाची याहून कठीण कसोटी मला ठाऊक नाहीं.

याच्या उलट टोंकाला आपल्याच देशांतील एक विख्यात कादंबरी आहे: तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन'. १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या मल्याळी कादंबरीला पुढें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें आणि तिच्यावरचा चित्रपटहि गाजला. कोळ्याच्या बायकोनें पातिव्रत्य राखलें तरच समुद्रावर गेलेला तिचा नवरा सुखरूप परत येतो, ही समजूत कथेच्या केंद्रस्थानीं आहे. आणि शेवटीं कथानक त्या समजुतीला साक्षच देतें. कादंबरी म्हणून ती मनाला चटका लावते, यांत शंका नाहीं. परंतु विचार करावा. पलनी बुडतो त्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या स्त्रीच्या मनांत मांडला जातो. होडी, हवा, एकट्यानें रात्रीं खोल पाण्यांत जाण्याची आपत्ति, यांच्या खात्यावर कांहींच पडत नाहीं. लोकसमजुतींचें चित्रण करणें हा लेखकाचा हक्क आहे. पण कथेच्या घडणीनेंच ती समजूत खरी करून दाखविली, तर बुडणाऱ्याच्या मागें राहिलेल्या बाईच्या दुःखांत दोषाचीहि भर पडते. सिंजची मॉरिया सर्व मुलगे गमावते, पण नाटक तिला अपराधी ठरवीत नाहीं. या दोन कृतींतील अंतर मला केवळ कलेचें वाटत नाहीं.

आमच्या कोळीगीतांविषयीं येथें एक शब्द बोललें पाहिजे. शांताबाई शेळके यांनीं लिहिलेलीं आणि हृदयनाथ मंगेशकरांनीं स्वरबद्ध केलेलीं गीतें घरोघर गेलीं. त्यांनीं कोळ्याच्या बोलीला प्रतिष्ठा दिली आणि दर्याची भीति व मौज दोन्ही गळ्यांत आणून बसविल्या. हें ऋण मोठें आहे. परंतु गीताचा कोळी सदा तरुण असतो. जाळ्याच्या दोरानें कापलेलीं बोटें, रात्रंदिवस इंजिनाशेजारीं बसून मंद झालेला कान, उन्हाच्या आणि पाण्याच्या चकाकीनें डोळ्यांत वाढलेला पडदा, बर्फ उचलून वांकलेली पाठ, हें गीतांत मावत नाहीं. तें कथेनें आणि कादंबरीनें करावयाचें काम होतें.

तें काम आम्हीं किती केलें? १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यदिनाच्या चार आठवडे आधीं, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बंदराबाहेर थोड्याच अंतरावर उलटली. आषाढी अमावास्या, भर पावसाळा, बोट गर्दीनें भरलेली; पाणी आंत आलें, माणसें एका अंगाला सरकलीं आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. जे वांचले त्यांतील कित्येकांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. त्यापूर्वीं १९२७ सालीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी गेल्याच होत्या. कोकणच्या घराघरांत या आठवणी आहेत. वृत्तांत आहेत, स्मरणलेख आहेत. परंतु १८८८ सालीं काठेवाडच्या किनाऱ्यापाशीं शेंकडों उतारूंसह नाहींशी झालेली 'वैतरणा', लोकांच्या बोलण्यांतली 'वीजळी', गुजराती लोकगीतांत तिच्या कप्तानाच्या, हाजी कासमच्या, नांवासह जशी आजवर गायिली जाते, तसें 'रामदास'चें स्थान मराठी मनांत कोणा कवीनें वा कादंबरीकारानें निर्माण केलें, असें म्हणवत नाहीं. आम्ही त्या दिवसाला 'दैवदुर्विलास' म्हणून मोकळे झालों. दैव हा शब्द समुद्राजवळ फार लवकर तोंडांत येतो. भर पावसाळ्यांत बोट सोडावयाची कीं नाहीं, तिच्यांत किती माणसें घ्यावयाचीं, संकट आल्यास किनाऱ्याला कळवावयाचें कसें, हे प्रश्न दैवाचे नव्हते. माणसांनीं जमिनीवर, कोरड्या खोलींत बसून सोडवावयाचे होते.

येथें एक जुना आक्षेप येईल, आणि तो कोल्हापुरांत येणें स्वाभाविक आहे. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद ज्यांच्या नांवानें महाराष्ट्रांत गाजला ते फडके आणि खांडेकर दोघेही याच गांवांत राहत होते. फडक्यांचा पक्ष म्हणेल, "सुरक्षेचे नियम सांगणें हें सरकारी पत्रकाचें काम, तें कादंबरीवर कां लादतां?" मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. सॅम्युएल प्लिम्सॉल या पार्लमेंटच्या सभासदानें १८७३ सालीं 'अवर सीमेन' हें पुस्तक लिहून, फाजील माल लादलेलीं कुजकीं जहाजें समुद्रावर पाठविणाऱ्यांवर हल्ला चढविला. १८७६ सालीं कायदा झाला, आणि जहाजाच्या अंगावर भाराची मर्यादा दाखविणारी खूण आजहि जगभर प्लिम्सॉलच्याच नांवानें ओळखली जाते. पुस्तकानें खलाशांचे प्राण वांचविले, हें खरें. पण तें वाङ्मय म्हणून आज कोणी वाचीत नाहीं. तेव्हां मी कादंबरीकाराला प्लिम्सॉल व्हा असें सांगत नाहीं. मी एवढेंच म्हणतों कीं, ज्याला समुद्रावरच्या मरणाचें कारण माहीत नाहीं त्याला त्या मरणाची शोकांतिकाहि लिहितां येणार नाहीं. कारण शोकांतिका कारणांतच असते.

एक उदाहरण देतों. आजच्या जहाजांवरील मृत्यूंत एक प्रकार असा आहे: बरेच दिवस बंद असलेल्या टाकींत किंवा माल भरलेल्या तळघरांत एक खलाशी उतरतो आणि कोसळतो. लोखंड गंजतांना हवेंतला प्राणवायु शोषून घेतें. कांहीं प्रकारचा मालहि तो खातो. आंत वास नाहीं, धूर नाहीं. माणूस दोन श्वासांत बेशुद्ध होतो. वरून दुसरा तें पाहतो, हांक मारतो, आणि क्षणाचाहि विचार न करतां खालीं उतरतो. तोहि पडतो. कधीं कधीं तिसराहि उतरतो. सडलेल्या मासळीच्या विषारी वायूनें मच्छीमारी नौकांच्या साठवणींतहि असेंच घडतें. नियम सांगतो: हवा तपासल्यावांचून, श्वासोच्छ्वासाचें उपकरण घातल्यावांचून, मित्र डोळ्यांदेखत मरत असला तरी खालीं उतरूं नये. माणसाच्या अंगचा उत्तम गुण जो करुणा, तोच त्याच्या मृत्यूचें द्वार होतो, आणि शहाणपण तेथें निर्दयतेसारखें दिसतें. वर उभा राहून मदतीची वाट पाहणाऱ्या, आणि पुढें आयुष्यभर आपण उतरलों नाहीं हें आठवणाऱ्या माणसाहून अधिक खरा शोकांतिकेचा नायक मला सांपडत नाहीं. पण प्राणवायूची ही साधी गोष्ट माहीत नसलेला लेखक त्याला भेकड म्हणून रंगवील.

आणि हें दूरचें नाहीं. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळांत मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ माणसांपैकीं १८६ जणांनाच नौदलाला खवळलेल्या समुद्रांतून जिवंत काढतां आलें. वादळ येत आहे हें हवामानखात्यानें कित्येक दिवस आधीं सांगितलें होतें. २००९ च्या नोव्हेंबरांत फयान वादळानें कोकणच्या नौका समुद्रांत गांठल्या, तेव्हां त्या विद्यार्थ्याचे वडील बाहेर होते. ते तीन दिवसांनीं परतले. त्या तीन दिवसांत घरीं काय झालें, असें मीं त्याला विचारलें. तो म्हणाला, "कांहीं नाहीं सर. आई रोज भात घालत होती, बाबांचा धरून." यावर मीं कांहीं बोललों नाहीं, बोलण्यासारखें माझ्याजवळ नव्हतें.

मराठी समीक्षेनें यापुढें समुद्रावरील कृतीला आणखी एक प्रश्न विचारावा, अशी माझी नम्र सूचना आहे: लेखकाला भरती-ओहोटी जशी माहीत आहे, तशी जहाजावरची पाळी माहीत आहे काय? सूर्यास्ताचे रंग जसे त्यानें पाहिले, तसा भंडाऱ्याच्या हाताखालचा अन्नाचा सांठा पाहिला आहे काय? हें झालें म्हणजे कविता चांगली होतेच असें नाहीं. पण हें नसतांना ती किती चांगली आहे, तें तपासावयास एक माप मिळेल. आणि लेखक घाटावरचाच असला पाहिजे असेंहि नाहीं. किनाऱ्यावरचीं मुलें आमच्या वर्गांतून बसलीं आहेत. त्यांना आम्ही आजवर दुसऱ्यांचा समुद्र शिकवीत आलों.

यंदा पुन्हा सिंजचें नाटक मला शिकवावयाचें आहे. तो विद्यार्थी आतां शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या तासाला मोज्याच्या टांक्यांचा प्रवेश मी वाचून दाखवीन, आणि विवेचन करण्यापूर्वीं त्याला वर्गापुढें बोलावयास सांगेन. तो यावयास कबूल झाला आहे. फक्त, वडील तेव्हां समुद्रावर नसतील तर, असें म्हणाला.